विळीवर तपासलेला गळपट्टा

भित्र्या वस्तूने आपली गोष्ट सांगू नये, असे कुठे लिहिलेले नाही. म्हणून सांगतो, मित्रांनो. मी एक जुना गळपट्टा आहे. हातभर लांब, चार बोटे रुंद. नवा होतो तेव्हा हळदीसारखा पिवळा होतो, आता मातकट झालो आहे. माझे काम एकच होते. ज्या गळ्याभोवती मला बांधतील, त्या गळ्यापर्यंत धारदार काही पोचू द्यायचे नाही. हे काम मी स्वीडन देशात केले. बर्फावरची हॉकी खेळून पोट भरणाऱ्या एका खेळाडूचा गळा माझ्याकडे होता.

पण जन्म माझा अमरावतीचा. गाडगेनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात, जून महिन्यात, घरघरणाऱ्या कूलरसमोर मी शिवला गेलो. शेवटचा टाका पडला आणि लगेच मला विळीच्या पात्यावरून खसकन ओढण्यात आले. एकदा, दोनदा, तीनदा. माझी पहिली आठवण तीच आहे. पाते थंड होते. मी कापला गेलो नाही, पण त्या दिवशी अंगात जी भीती शिरली, ती पुढे कधी पुरती निघाली नाही.

मला शिवणाऱ्या बाईंचे नाव भागीरथा. एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात त्या हातमोजे शिवत. पत्रा आणि काच कापणाऱ्या कामगारांचे हातमोजे असत ते. त्यांचे पिवळे कापड साध्या सुरीला दाद देत नाही. त्या कापडाचा गळपट्टा करावा हे त्यांना सुचले, ते त्यांचे यजमान देवमन यांच्यामुळे.

देवमन आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवत. आठ लेथ एकदम चालू असल्या तरी त्यांचा आवाज शेवटच्या मुलापर्यंत जाई. त्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात ते मोटरसायकलने अकोल्याला गेले होते. भागीरथाबाईंची धाकटी बहीण गीतांजली, तिचे सासर अकोल्याचे. तिच्या सासू-सासऱ्यांकडे तिळगूळ पोचवून परत निघाले आणि पुलावर कुणाच्या तरी कटलेल्या पतंगाचा नायलॉनचा मांजा आडवा आला. दिसला नाही. गळ्याला काहीतरी चावले असे वाटले, एवढेच ते सांगतात. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी स्वतःच गळ्यावर दाबून धरला आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिले. लोकांनी उचलून दवाखान्यात नेले. जीव वाचला, आवाज मात्र गेला. उरली ती कुजबुज. लेथच्या आवाजात कुजबुज कोणाला ऐकू जाणार? त्यांना वर्गावरून काढून भांडारात बसवले.

त्यानंतर भागीरथाबाईंनी हातमोज्यांच्या कापडाचा एक गळपट्टा शिवला, देवमनसाठी. मी दुसरा.

त्याच जूनमध्ये गीतांजली मुलाला घेऊन अमरावतीला आली होती. ती आणि तिचा नवरा संघपाल कितीतरी वर्षांपासून स्वीडनमध्ये राहत. संघपाल उत्तरेकडच्या एका लहान गावात कागदाच्या गिरणीत इंजिनिअर होते. त्यांचा मुलगा अनुप तिथेच जन्मला, तिथल्याच मुलांसारखा बर्फावर वाढला. सतरा वर्षांचा, दारात उभा राहिला तर चौकटीला डोके लागेल एवढा उंच. गावच्या क्लबाच्या कुमार संघात तो बचावपटू होता, आणि पुढे हॉकीच खेळायची असे त्याने ठरवले होते. मराठी मात्र तो आईसारखीच बोले, अगदी वऱ्हाडी.

त्याने मावशीला लॅपटॉपवर आपला एक सामना दाखवला. सगळे गोल बघत होते. भागीरथाबाई पाय बघत होत्या.

"हे पायाले काय बांधलं?" त्यांनी विचारले.

"स्केट, मावशी. त्याले खाली पातं असते."

"धार असते?"

"हाव. दर सामन्याच्या आधी धार लावा लागते."

तेवढ्यात पडद्यावर दोन खेळाडू एकमेकांवर आदळले. एक आडवा झाला आणि त्याचा पाय हवेत उडाला. भागीरथाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"सुऱ्या बांधून खेळतेत हे पोट्टे," त्या म्हणाल्या. "अन् गळ्याले काई घालतेत का नाई?"

अनुप हसला. गळ्याला पट्टा लावायचा नियम तिकडे होता. त्याने बॅगेतून आपला पट्टा काढून दाखवला. तो जेमतेम बोटभर रुंद होता. क्लबातले मोठे खेळाडू पट्टा कात्रीने कापून बारीक करतात, त्यामुळे मान मोकळी राहते आणि दिसायलाही बरे दिसते, म्हणून त्यानेही कापला होता.

अनुप जेवत होता तेव्हा भागीरथाबाई टेप घेऊन मागे उभ्या राहिल्या आणि त्याच्या मानेचे माप घेतले. त्याने हसत घास खाली ठेवला. रात्रीचे जेवण आटोपायच्या आत माझे कापड बेतून झाले होते. मला घडी घालून त्याच्या हातात देताना त्या एवढेच म्हणाल्या, "याले कात्री लावली तं मले तोंड दाखवू नोको. अन् थंड्या पान्यानं धुजो."

अशी माझी नेमणूक झाली.

मित्रांनो, बर्फाचे मैदान तुम्ही कदाचित पाहिले नसेल. ते एका मोठ्या शेडमध्ये असते, भोवती लाकडी कठडे आणि काचा. आत शिरले की नाकाला ओल्या लोखंडासारखा वास येतो. मग दहा माणसे स्केट घालून एकदम धावायला लागतात. पाती बर्फाला कापतात तेव्हा एक आवाज होतो. घट्ट कापड टरकावल्यासारखा. मी स्वतः कापड आहे. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकला आणि मला वाटले, आपल्यालाच कोणी फाडते आहे.

ती भीती रोजची झाली. अनुपचा खेळ होता समोरच्याला अडवण्याचा. तिकडे चेंडू नसतो, रबराची काळी चकती असते, आणि ती दगडासारखी येते. ती गोलकडे निघाली की अनुप तिच्यासमोर आडवा पडे. छातीवर, मांडीवर, खांद्यावर तिला झेली. प्रेक्षक उठून टाळ्या वाजवत. मला टाळ्या ऐकू येत नसत. तो आडवा पडला की माझ्या अवतीभवती पायच पाय असत, म्हणजे पातीच पाती. एक डावीकडून सरकले, एक उजवीकडून, एक अगदी वरून. मी मनातल्या मनात म्हणे, ऊठ, अनुप, ऊठ.

तो उठे. दर वेळी उठला.

अठराव्या वर्षी तो क्लबाच्या मुख्य संघात आला. एकविसाव्या वर्षी देशातल्या वरच्या लीगमधल्या संघाने त्याला करारावर घेतले. गावच्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापून आला, आणि त्या फोटोत मीही होतो, हनुवटीखाली पिवळा. कपडे बदलायच्या खोलीत मला नावे ठेवली गेली. कोणी म्हणे हा आजीचा मफलर आहे, कोणी म्हणे तू सर्दीला भितोस का. अनुप हसून सोडून देई. दर दोन वर्षांनी जूनमध्ये तो अमरावतीला येई, भागीरथाबाई माझे उसवलेले टाके काढून नवे घालत, आणि मी परत जाई. हे माझे चांगले दिवस होते. भीत होतो, पण कामावर होतो.

मग अमेरिकेतून बोलावणे आले.

तिकडच्या सर्वांत मोठ्या लीगच्या खालोखाल जी लीग असते, तिथल्या एका संघाला बचावपटू हवा होता. तिथे नीट खेळला तर वर जायची संधी. प्रत्येक स्वीडिश खेळाडूच्या डोक्यात ते एक दार असते, आणि अनुपला वाटले, ते आपल्यासाठी किलकिले झाले आहे. तो गेला. मीही त्याच्या बॅगेत होतो.

पहिल्याच दिवशी त्याने मला बाहेर काढले आणि आजूबाजूला पाहिले. खोलीत वीस-बावीस माणसे कपडे करत होती. एकाच्याही गळ्याला काही नव्हते. तिथे तेव्हा तसा नियम नव्हता. शेजारचा दाढीवाला खेळाडू माझ्याकडे बघत राहिला आणि मोठ्याने काहीतरी बोलला. खोली हसली. अनुपही हसला. मग त्याने माझी घडी घातली आणि मला बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात सरकवले. चेन ओढली.

त्या कप्प्यात मी दोन हिवाळे काढले.

अंधाराची मला भीती वाटली नाही. भीती वाटली ती फोनची. सामन्याआधी भागीरथाबाईंचा फोन येई. तिकडे संध्याकाळ, अमरावतीत पहाट. अनुप बॅगेशेजारी बसूनच बोले, त्यामुळे मला सगळे ऐकू येई.

"जय भीम, मावशी."

"जय भीम, बेटा. जेवला?"

"हाव."

"पट्टा घातला ना?"

"घातला ना, मावशी."

मी तिथेच होतो, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण तो वाईट मुलगा नव्हता, मित्रांनो. त्याला मावशीला काळजीत टाकायचे नव्हते, आणि त्या खोलीत हसूही करून घ्यायचे नव्हते. दोन्ही भागवायला एक लहानसे खोटे पुरत होते. पहिल्यांदा ते बोलताना तो थोडा अडखळला होता. नंतर अडखळला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात, नोव्हेंबरच्या शेवटी, तो सामना झाला. मी बंद बॅगेत, बॅग कपाटात, कपाट भिंतीआड. तरी मैदानाचा गोंगाट माझ्यापर्यंत येई. ढोल, शिट्ट्या, हजारो माणसांचा आवाज. दुसऱ्या डावात तो आवाज एकदम थांबला. कमी झाला असे नाही, थांबला. मी इतकी वर्षे मैदाने ऐकली होती, पण अशी शांतता ऐकली नव्हती. मग धावत येणारे पाय. दार आपटले. कोणीतरी टॉवेल, टॉवेल म्हणून ओरडत होते.

समोरचा खेळाडू तोल जाऊन पडला होता आणि त्याचे पाते अनुपच्या डाव्या कानाखालून गळ्यावर उतरले होते. संघाच्या वैद्यकीय मदतनिसाने बर्फावर गुडघे टेकून जखमेत बोटे दाबली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत काढली नाहीत. तो वाचला, कारण मोठी रक्तवाहिनी तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतराने बाजूला राहिली. डॉक्टरांनी तसे सांगितले. मी कुठे होतो? कप्प्यात. कोरडा, स्वच्छ, घडी घातलेला.

जखम भरली. महिन्याभरात तो चालायला, बोलायला लागला. पण पहिल्यांदा परत बर्फावर उतरायला गेला तेव्हा कठड्याचे दार धरून तसाच उभा राहिला. एक पाय आत ठेवला. कुठेतरी पाते घासल्याचा आवाज झाला. त्याने पाय मागे घेतला. संघाने आठवडाभर वाट पाहिली आणि त्याला घरी जायला सांगितले. तो स्वीडनला गेला नाही. जानेवारीत तो अमरावतीला आला.

भागीरथाबाईंनी दार उघडले, त्याच्या गळ्यावरच्या लाल रेघेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हातपाय धू. भाकरी टाकतो."

तिसऱ्या दिवशी धुण्यासाठी त्यांनी त्याची बॅग रिकामी केली. बाजूचा कप्पा उघडला आणि मी त्यांच्या हातात आलो. त्यांनी मला उलटे केले, सुलटे केले, उजेडात धरले. मग नाकाशी नेले. मला घामाचा वास येत नव्हता. माझ्या मित्रांनो, त्या क्षणी वाटली तेवढी भीती मला विळीचीसुद्धा वाटली नव्हती.

अनुप पलंगावर बसला होता. देवमन दाराशी खुर्चीत.

"यावर घामाचा एक डाग नाई," भागीरथाबाई म्हणाल्या.

अनुप खाली बघत राहिला.

"तू मले फोनवर काय सांगत होता?"

"घातला म्हणून."

"कितीकदा?"

"दर वेळी, मावशी."

त्यांनी मला मांडीवर ठेवले. आवाज चढवला नाही. "मंग मी कोनाच्या भरवशावर होती रे दोन वर्षं?"

मग देवमन कुजबुजले. त्यांचे बोलणे ऐकायचे तर पुढे वाकावे लागते. अनुप वाकला.

"त्या पहाटं आमी दोघंबी पहिल्यांदाच पाहून राहिलो होतो, मोबाइलवर. तू पडला. रक्त दिसलं. तुही मावशी रडली नाई. दिवसभर एकच म्हने, गळा उघडा होता. गळा उघडा होता."

तेव्हा अनुप रडला. एवढा मोठा माणूस, खांदे हलवत. "तिथं कोनीच घालत नव्हतं, मावशी. हसले असते मले."

भागीरथाबाई उठल्या आणि आत गेल्या. त्यांनी त्याला जवळ घेतले नाही. माफही केले की नाही, ते मला त्या दिवशी कळले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवमनने मोटरसायकल बाहेर काढली. अनुपच्या अकोल्याच्या आजोबांची तब्येत बरी नव्हती, त्यांना भेटून यायचे होते. देवमनने आपला पिवळा पट्टा बांधला. अनुपने मला उचलले, क्षणभर हातात धरले आणि गळ्याला बांधले. त्या ताज्या जखमेवर मी पहिल्यांदाच बसलो. खाली शीर थडथड उडत होती. इतक्या जोरात ती कुठल्याही सामन्यात उडाली नव्हती.

मूर्तिजापूर मागे पडले, अकोला आले. आकाश पतंगांनी भरलेले होते. मुले गच्च्यांवर होती. पुलाच्या तोंडाशी देवमनने गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि खाली उतरले.

"काय झालं, मावसाजी? पेट्रोल संपलं?"

"नाई." त्यांनी हँडल धरून गाडी ढकलायला सुरुवात केली. "मी हा पूल पायीच पार करतो. सहा-सात वर्षं झाली."

"अजून?"

"अजून. लोक हसतेत. घाई त्याईले असते, मले नाई."

अनुप मागून चालू लागला. पुलावर गाड्यांची रांग. हॉर्न वाजत होते. एक रिक्षावाला ओरडून गेला, "काका, धक्का मारू का?" विजेच्या खांबांवरून तुटलेले मांजे लोंबत होते, उन्हात चमकले तरच दिसणारे. पुलाच्या मध्यावर पोचलो तोच वरून एक कटलेला पतंग झोकांड्या खात आला आणि त्याचा धागा आमच्यासमोरून, अगदी छातीच्या उंचीवरून, सरसरत गेला. त्याचा आवाज बारीक होता. मी ओळखला. अनुपनेही ओळखला. तो जागच्या जागी थिजला. त्याचा घाम माझ्यात उतरू लागला.

देवमनने गाडी स्टँडवर लावली आणि त्याच्याजवळ आले.

"मावसाजी, मले बर्फावर पाय ठेवता येत नाई," अनुप म्हणाला. त्याने हे तोवर कोणालाच सांगितले नव्हते, आईलासुद्धा नाही. "पाय थरथरतेत. मी संपलो."

देवमनने त्याच्याकडे पाहिले. मग धाग्याकडे. तो कठड्यावरून खाली घसरत होता.

"थरथरतेत तं थरथरू दे," ते कुजबुजले. "हळू ठेव. पूल काई पळून नाई जात."

एवढेच. त्यांनी परत हँडल धरले. अनुप तिथे किती वेळ उभा होता कोण जाणे. मग त्याने गाडीच्या मागचा दांडा धरला आणि ढकलू लागला. हॉर्न वाजतच राहिले. आम्ही पलीकडे उतरलो. काही झाले नाही. पण माझी भीती गेली असे समजू नका. परत येतानाही तोच पूल होता, आणि परत येतानाही आम्ही चालत आलो.

त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर अनुप स्वीडनला परतला. मोठ्या लीगला नाही, अमेरिकेलाही नाही. लहानपणीच्या त्याच गावच्या क्लबात, एक पायरी खालच्या लीगमध्ये. मी त्याच्या गळ्याला होतो, पूर्ण रुंदीचा, हनुवटीखाली घट्ट.

पहिल्या सामन्यात समोरून चकती आली आणि तो आडवा पडला नाही. बाजूला झाला. गोल झाला. प्रेक्षक गप्प झाले, आणि त्याचा गळा माझ्याखाली तापला. डाव संपल्यावर तो प्रशिक्षकांकडे गेला. त्या गावातले म्हातारे गृहस्थ होते ते, त्याला लहानपणापासून ओळखणारे. अनुप त्यांना म्हणाला, मला भीती वाटते. लपवले नाही. प्रशिक्षक थोडा वेळ मिशी चावत राहिले आणि म्हणाले, उद्या सगळ्यांच्या आधी तासभर ये.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या मैदानावर ते दोघेच होते. प्रशिक्षक स्केट घालून त्याच्याभोवती हळूहळू फेऱ्या मारत राहिले. आधी लांबून. मग जवळून. अनुप मध्ये उभा, मुठी आवळून. टरकन आवाज आला की त्याचे खांदे वर जात. चार आठवडे हे चालले. पाचव्या आठवड्यात तो बर्फावर आडवा पडला आणि प्रशिक्षक त्याच्या डोक्याजवळून गेले. आम्ही दोघे थरथरलो. पण तो पडून राहिला.

त्यानंतर तो सहा हंगाम खेळला. पूर्वीसारखा धडाडीचा नाही. एकदा बघून, एकदा विचार करून पडणारा. त्याचा फोटो फारसा छापून आला नाही. वरच्या लीगमधून परत बोलावणे आले नाही. कुमार संघातली मुले आपले पट्टे कापायला लागली तेव्हा त्याने कपड्यांच्या खोलीतल्या सगळ्या कात्र्या उचलल्या आणि आपल्या गाडीत नेऊन ठेवल्या. सामन्याआधी तो मावशीला व्हिडिओवर फोन करी, आणि ती काही विचारायच्या आत हनुवटी वर उचलून मला दाखवी.

माझी नोकरी मात्र नियमाने संपवली. मागच्या हंगामाच्या सुरुवातीला नवा हुकूम आला. पट्टा आता तपासून शिक्का मारलेलाच हवा. पंचांनी मला उलटून पाहिले. आत कारखान्याचे नाव नव्हते, शिक्का नव्हता, फक्त हाताने घातलेले टाके होते. त्यांनी मान हलवली. अनुपने हुज्जत घातली नाही. गीतांजली अमरावतीला निघाली तेव्हा तिच्या पिशवीत त्याने मला ठेवले.

भागीरथाबाईंना वाईट वाटले असेल, पण त्यांनी फोनवर एवढेच विचारले, "नव्याची शिलाई दाखव." अनुपने पट्टा कॅमेऱ्याजवळ धरला. त्यांनी चष्मा लावून पाहिले. "दुहेरी हाये. चालते."

मला त्यांनी शिलाई मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगले. तुम्हाला वाटेल, आता सुटलो. उलट झाले. गळ्यावर असताना मला निदान दिसत तरी होते. आता त्याचा सामना असला की मी भिंतीवर नुसता टांगलेला, आणि खाली त्या बसलेल्या. आम्ही दोघेही एकाच तऱ्हेने भीत होतो हे मला त्या खिळ्यावर कळले. त्या हाताने कापड शिवत राहायच्या, आणि कान फोनकडे.

या मार्चमध्ये त्याचा शेवटचा सामना झाला. तिकडे दुपार, आपल्याकडे दिवेलागण. भागीरथाबाई लसूण सोलत होत्या. देवमन खुर्चीत. फोन वाजला.

"जय भीम, मावशी. झालं. आता नाई खेळत."

स्क्रीनवर त्याने हनुवटी वर केली. गळा पूर्ण उघडा होता, घामेजलेला, आणि त्यावर ती जुनी पांढरी रेघ. दुसरी एकही नाही.

भागीरथाबाई किती तरी वेळ त्या गळ्याकडे बघत राहिल्या. हातातली पाकळी सोलायची राहिली. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला जेवलास का विचारले होते, पट्टा घातलास का विचारले होते. खेळाबद्दल कधी एक शब्द विचारला नव्हता. त्या दिवशी त्यांनी पदराने तोंड पुसले आणि विचारले,

"जिंकले का हरले?"

अनुपला आधी समजलेच नाही. मग तो म्हणाला, "हरलो, मावशी. चार-एक."

"चार?" भागीरथाबाई म्हणाल्या. "चार गोल होयेपर्यंत तू तिथं काय करून राहिला होता?"

देवमन हसायला लागले. त्यांचे हसणे ऐकू येत नाही, फक्त खुर्ची हलते. खुर्ची बराच वेळ हलत होती.

मित्रांनो, माझे मागणे थोडके आहे. मला जपा असे मी म्हणत नाही, माझे दिवस झाले. पण तुम्ही दाराबाहेर पडलात की तुमच्याही घरी कोणीतरी घाबरत असेल. त्यांनी तुम्हाला काही दिले असेल. हेल्मेट असेल, पट्टा असेल, पावसात जाताना टॉर्च असेल. ते घाला, वापरा, घामाने खराब करा. आणि नाही घातले तर तसे खरे सांगा. रागावतील, ओरडतील, पण निदान त्यांची भीती तरी खऱ्या गोष्टीवर उभी राहील.